कानाडोळा

हामामात्सु स्टेशनसमोरचं विजेच्या सामानाचं दुकान.
चौथ्या मजल्यावर हेडफोन,
साखळीला बांधलेले, एका रांगेत,
दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे.

हायासे नावाचा पोरगा. कोट नवा, खांद्यात मोठा.
"आजी, तुम्हाला", आणि जीभ चावून,
"बाई, आपल्याला कशासाठी हवेत?"
बससाठी, म्हटलं. कांझान्जीपासून पन्नास मिनिटं.
आणि भांडी घासताना.
वायर नको. आधीची वायर
माझ्या हत्यारांच्या पिशवीत अडकून तुटली.
"ऐकता काय?"
मी पियानो लावते, म्हटलं. एकतीस वर्षं.
त्याला वाटलं, पियानोच्या रेकॉर्डी लावते.

पहिला घातला. डोक्याला पकड.
चष्म्याची काडी आणि त्याची गादी
कानामागे एकमेकींच्या उरावर.
कान आणि डोळा इतके सख्खे शेजारी
हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

दुसरा हलका, पण त्यात
खालचे सूर पोटभर जेवलेले
आणि वरचे उपाशी.

तिसऱ्याचं एक बटण दाबलं
आणि दुकानच गेलं.
सरकता जिना गेला, घोषणा गेल्या,
हायासेचे नुसते ओठ हलताना दिसले
(एका चार्जवर तीस तास, असं काहीतरी).
शांतता नव्हे ती.
गाडी बोगद्यात शिरली की कानात बसतो, तसा दडा.
काढला.

मग मी माझं आणलेलं लावलं.
मिक्काबीच्या प्राथमिक शाळेतला पियानो,
मार्चमधला, जुळवण्याआधीचा.
मधल्या 'ला'च्या तीन तारा, त्यांतली एक किंचित उतरलेली,
म्हणून तिघी मिळून थरथरतात,
सेकंदाला दोनदा, वांव, वांव.
मागे एक मूल विचारतं, "झालं का?"
मी म्हणते, "अजून नाही."

चौथ्यात सगळं आलं.
थरथर मोजता आली,
मुलाचं नाक वाहत होतं ते आलं,
माझा गुडघा कट्टकन वाजला तेही.
खरा होता तो. महागही नव्हता.
हायासे खूश. "आपल्यासारख्यांसाठीच बनवलाय हा."
मी तो घालून उभी राहिले
दहा मिनिटं,
वीस,
कानशिलं ठणकू लागली
आणि लक्षात आलं, मी अजून मोजतेच आहे.
सुट्टीच्या दिवशी, दुकानात उभी राहून, मोजतेच आहे.

पाचवा राखाडी.
गादी धुऊन धुऊन मऊ पडलेल्या टॉवेलासारखी,
चष्म्याला सरकून जागा देणारी.
तीच शाळा लावली.
थरथर होती, पण पलीकडच्या खोलीत.
तार उतरलेली आहे हे मला माहीत होतं
आणि ती टोचत नव्हती.
मूल मात्र जवळ आलेलं. "झालं का?"
झालं!
हे मी मोठ्यांदा म्हणाले असावे,
कारण दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

"पण तो चौथा..." हायासे. प्रामाणिक पोरगा.
"त्यात बारकावे जास्त होते."
होते ना, म्हटलं.
बारकाव्यांचे लोक मला पैसे देतात.
ह्याचे मी देते.

बसमध्ये एक फालतू प्रेमगीत लावलं.
गाणारी पोर वरच्या सुराला पोचत नव्हती,
टाचा उंचावून फळीवरचा डबा काढावा तशी
बोटं लागायची, डबा नाही.
एरवी मी मधल्याच स्टॉपवर उतरले असते.
सरोवर आलं. पुन्हा लावलं.

घरी काढले तेव्हा केसांत खाच पडली होती
आणि स्वयंपाकघरात फ्रिज घुमत होता,
'सी'च्या किंचित खाली,
बारा वर्षं घुमतोय तसाच.